तटस्थता, तैनाती फौज आणि हिंगोलीची छावणी

१

हिंगोली शहरांत तोफखाना, रिसाला, पलटण, पेन्शनपुरा, सदर बाजार अशीं वस्त्यांचीं नांवें अद्याप चालू आहेत. ज्या फौजेमुळें हीं नांवें पडलीं ती फौज १९०३ सालीं इंग्रजी लष्करांत विलीन झाली व येथील छावणी उठली. केवळ नांवांवरून इतिहास रचणें धोक्याचें असतें, हें आम्ही जाणतों. तथापि या पांच नांवांच्या मागें एका मोठ्या राज्याच्या स्वातंत्र्याचा हिशेब आहे, असें आमचें मत आहे. मुलूख निजामाचा, पगार निजामाच्या खजिन्याचा, अंमलदार इंग्रज आणि देखरेख रेसिडेंटाची, अशी ही फौज होती. तिला 'हैदराबाद कंटिन्जंट' म्हणत. ही फौज निजामाची कीं इंग्रजांची, या प्रश्नाचें उत्तर चाळीस वर्षें कोणत्याही तहनाम्यांत नव्हतें. तें १८५३ सालीं प्रथम लिहिलें गेलें, आणि त्याच तहानें वऱ्हाड निजामाच्या हातून गेलें.

एखाद्या राज्यानें इतरांच्या युद्धांपासून अलिप्त राहावें आणि तरीही स्वतःच्या संरक्षणाकरितां इतरांशीं सामायिक बंदोबस्त करावा, हें कितपत साधतें, असा हा मूळ प्रश्न आहे. तो केवळ दक्षिणेचा नव्हे. युरोपांत आस्ट्रियानें २६ ऑक्टोबर १९५५ रोजीं कायमची तटस्थता कायद्यानें पत्करली; आयर्लंडही कोणत्या लष्करी गटांत शिरलें नाहीं. असें असूनही हीं दोन्ही राज्यें युरोपीय संघाच्या सामायिक संरक्षण-धोरणांत भागीदार झालीं. १ डिसेंबर २००९ पासून अंमलांत आलेल्या लिस्बनच्या तहांत, कोणत्याही सभासदावर सशस्त्र हल्ला झाल्यास इतरांनीं त्यास साह्य करावें, असें कलम आहे. आणि कांहीं राज्यांच्या संरक्षण-धोरणाचें जें विशिष्ट स्वरूप आहे त्यास यामुळें बाध येऊं नये, अशी पुस्तीही त्याच कलमास जोडलेली आहे. ही पुस्ती तटस्थांकरितां आहे. आयर्लंडच्या मतदारांनीं हा तह २००८ सालीं नाकारला व तटस्थतेसह इतर कांहीं बाबतींत हमी मिळाल्यावर २००९ सालीं मान्य केला. उलटपक्षीं फिनलंडनें २०२३ सालीं व स्वीडननें २०२४ सालीं आपलें जुनें धोरण टाकून नाटोच्या गटांत प्रवेश केला.

अशा कलमांनीं व पुस्त्यांनीं तटस्थ राज्याचें रक्षण होतें काय? हैदराबादच्या इतिहासांत या प्रश्नाची पुरी परीक्षा झालेली आहे. तेथील तहनाम्यांत स्वातंत्र्याचीं अभिवचनें शेवटपर्यंत शाबूत होतीं. गेलें तें फौजेच्या हुकुमाच्या व पगाराच्या वाटेनें. हें दाखविण्याचा येथें हेतु आहे.

२

निजाम अलीखानाचें राज्य तीन सत्तांच्या मध्यें होतें. पश्चिमेस पेशवे, दक्षिणेस म्हैसूरकर, पूर्वेच्या किनाऱ्यावर इंग्रज. १७६६ च्या तहानें उत्तर सरकारांच्या मोबदल्यांत फौजेचें साह्य देण्याचें इंग्रजांनीं कबूल केलें व १७६८ च्या तहानें तें साह्य दोन पलटणांवर आणून ठेविलें. त्यांचा खर्च निजामानें सोसावयाचा होता. या पलटणांचा उपयोग कोणाविरुद्ध करावा हें मात्र त्या वेळीं स्पष्ट झालें नव्हतें. तें ७ जुलै १७८९ रोजीं कॉर्नवॉलिसनें निजामास लिहिलेल्या पत्रानें स्पष्ट झालें. हें पत्र तहाइतकेंच बंधनकारक मानावें असें ठरलें होतें. त्यांत, इंग्रजांशीं ज्यांचा स्नेह आहे अशा सत्तांविरुद्ध या पलटणी वापरूं नयेत, अशी अट घालून त्या सत्तांची यादी दिली होती. यादींत पेशवे, शिंदे, भोसले आदि मराठे सरदार होते, अर्काटचा नबाब, अयोध्येचा वजीर, तंजावर व त्रावणकोर येथील राजे होते, टिपू नव्हता.

ज्यांना जुने कागद वाचण्याची संवय आहे त्यांस या यादीचें मर्म निराळें सांगावयास नको. निजाम आपल्या पैशानें फौज ठेवी, परंतु त्याचा शत्रु कोण हें दुसऱ्याच्या यादीवरून ठरे. ज्या मराठ्यांचें त्यास सर्वांत अधिक भय होतें, त्यांच्याविरुद्ध ही फौज निरुपयोगी होती.

पुढील वर्षीं टिपूविरुद्ध त्रिवर्ग जमला. पेशव्यांशीं पुण्यास १ जून १७९० रोजीं मॅलेटच्या विद्यमानें व निजामाशीं पानगल येथें ४ जुलै रोजीं केनवेच्या विद्यमानें तह झाले. युद्धानंतर टिपूनें तिघांपैकीं कोणावर चाल केल्यास बाकीच्यांनीं मिळून त्याचें पारिपत्य करावें, असें त्यांत ठरलें होतें. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर ही सामायिक संरक्षणाची हमीच होय. मार्च १७९२ मधील श्रीरंगपट्टणच्या तहानें टिपूचा निम्मा मुलूख तिघांनीं वांटून घेतला. त्यानंतर ही हमी कायमच्या करारांत बांधावी असा कॉर्नवॉलिसचा प्रयत्न होता. निजामास तो करार हवा होता, कारण त्यायोगें मराठ्यांच्या मागण्यांपासूनही आपला बचाव होईल अशी त्यास आशा होती. पुण्याच्या दरबारास तो नको होता, कारण चौथाईची थकबाकी वसूल करण्याचा आपला हक्क अशा हमीनें अडकून पडेल हें नाना फडणिसांनीं ओळखलें होतें. करार झाला नाहीं.

चौथाईच्या बोलाचालीचा सारा भार भागानगरच्या दरबारांतील पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे यांजवर होता. वासुदेवशास्त्री खरे यांच्या 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'नें व पुणें रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराच्या खंडांनीं हा भाग अभ्यासकांच्या चांगला परिचयाचा झाला आहे. म्हणून त्याचा विस्तार करीत नाहीं. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क यानें देणें मान्य केलें नाहीं, आणि ११ मार्च १७९५ रोजीं खर्ड्यास लढाई झाली.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें खर्ड्याच्या रणांगणापेक्षां कलकत्त्यास झालेला निर्णय अधिक महत्त्वाचा आहे. गव्हर्नर-जनरल सर जॉन शोअर यानें तटस्थ राहण्याचें ठरविलें. तिघांचा करार टिपूविरुद्ध होता; दोन मित्र आपसांत लढूं लागले तर तिसऱ्यावर कोणाचेंही बंधन नाहीं, असा त्याचा अर्थ होता. शब्दांच्या दृष्टीनें तो चुकला असें म्हणतां येणार नाहीं. परंतु या तटस्थतेचा परिणाम तटस्थ नव्हता. निजामानें पगार दिलेल्या इंग्रजी पलटणी युद्धाबाहेर राहिल्या. निजामास दिवाण पुण्याच्या स्वाधीन करावा लागला, दौलताबादेसह मोठा मुलूख सोडावा लागला व तीन कोटींहून अधिक रुपये देण्याचें कबूल करावें लागलें. मराठी इतिहासकार खर्ड्याकडे विजय म्हणून पाहतात, आणि तो विजय होताच. पण तटस्थ माणूस रणांगणाच्या बाहेर उभा राहूनही पारडें झुकवूं शकतो, हा धडाही त्यांत आहे.

३

निजामानें तो धडा लागलाच घेतला. इंग्रजी पलटणी त्यानें परत पाठविल्या व फ्रेंच सरदार रेमंड याची कवायती फौज वाढविली. दुसऱ्याच्या यादीनें न बांधलेली, आपल्या हुकुमांतील फौज उभारण्याचा हा प्रयत्न होता. हैदराबादच्या इतिहासांत स्वतंत्र संरक्षणाचा एवढाच खरा उद्योग दिसतो. तो फार काळ टिकला नाहीं. राजपुत्र अलीजाह यानें १७९५ मध्येंच बंड केलें तेव्हां निजामानें इंग्रजी पलटणी पुन्हा बोलाविल्या. मार्च १७९८ मध्यें रेमंड वारला. आणि फ्रेंचांच्या नांवानें धसका घेतलेला वेलस्ली त्याच वर्षीं गव्हर्नर-जनरल होऊन आला. १ सप्टेंबर १७९८ च्या तहानें निजामानें सहा इंग्रजी पलटणी व त्यांच्या खर्चाकरितां सालीना २४,१७,१०० रुपये मान्य केले. २२ ऑक्टोबर रोजीं रेमंडच्या फौजेचीं हत्यारें काढून घेण्यांत आलीं. सुमारें १४,००० लोकांची ही फौज एका दिवसांत नाहींशी झाली.

१२ ऑक्टोबर १८०० च्या तहानें हा संबंध कायमचा झाला. तैनाती फौज वाढली व तिच्या खर्चाकरितां टिपूच्या मुलखांतून निजामास मिळालेले बल्लारी, कडपा वगैरे प्रांत इंग्रजांस तोडून दिले गेले. या तहांतील दोन गोष्टी वाचकांनीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्यात. निजामाचीं मुलें, आप्त, रयत व नोकर यांच्याशीं कंपनीचा कोणताही संबंध नाहीं, त्यांवर त्याची सत्ता पूर्ण आहे, असें एका ठिकाणीं स्वच्छ लिहिलेलें आहे. दुसऱ्या ठिकाणीं, म्हणजे बाराव्या कलमांत, युद्धप्रसंगीं तैनाती फौजेबरोबर निजामानें आपले ६,००० पायदळ व ९,००० घोडेस्वार द्यावेत, असें ठरलें आहे. पहिलें वाक्य स्वातंत्र्याचें आहे. दुसरें सामायिक संरक्षणांतील वांट्याचें. दुसऱ्यानें पहिल्यास कसें पोखरलें तें पुढें दिसतें.

१८०० च्या तहानें निजामाचें स्वातंत्र्य संपलें, असें सामान्यतः लिहिलें जातें. परराष्ट्रांशीं स्वतंत्र बोलणें लावण्याचा हक्क त्या तहानें गेला, हें खरें. पण घरांतील सत्ता त्या तहानें गेली नाहीं. ती ज्या मार्गानें गेली त्याचा तहनाम्यांत उल्लेखही नाहीं.

४

बाराव्या कलमांतील पंधरा हजार लोक 'युद्धप्रसंगीं' द्यावयाचे होते. १८०३ च्या युद्धांत निजामाची ही फौज कुचकामाची ठरली, अशी इंग्रजांची तक्रार झाली. फौज सुधारावयाची तर इंग्रज अंमलदार हवेत, नियमित पगार हवा आणि शांततेच्या दिवसांतही ती उभी हवी, असा युक्तिवाद पुढें आला. हेन्री रसेल हा १८११ पासून १८२० पर्यंत हैदराबादेस रेसिडेंट होता. त्याच्या वेळीं, १८१३ च्या सुमारास, 'रसेल ब्रिगेड' उभी राहिली. वऱ्हाडांतील पायदळ व निजामाचे स्वार यांचीही तशीच नवी रचना झाली. राज्याचा कारभार पाहणारा राजा चंदुलाल याचा रेसिडेंटाशीं एकोपा असल्यामुळें यास दरबारांतून अडथळा आला नाहीं. याच फौजेचें नांव पुढें कंटिन्जंट पडलें. नवा तह झाला नाहीं, जुन्या तहाचें एक अक्षर बदललें नाहीं; आणि युद्धापुरता असलेला वांटा बारमाही झाला.

या फौजेनें लढाया केल्या. २१ डिसेंबर १८१७ रोजीं महिदपुरास होळकरांविरुद्ध रसेल ब्रिगेड होती. ८ ते ३१ जानेवारी १८१९ या दिवसांत मेजर पिटमनच्या हाताखालीं तिनें नोव्ह्याच्या गढीस वेढा घातला. पैनगंगेच्या मुलखांत ठाणें धरून बसलेला हटकर नाईक नोसाजी याची ती गढी होती. सुरुंग लावून व हल्ला करून ती घेण्यांत आली. आंतील शिबंदी बहुतेक कापली गेली. महिदपूर आणि नोव्हा हीं दोन्ही नांवें रसेलच्या पलटणांच्या निशाणांवर मानचिन्ह म्हणून चढलीं. पण हीं दोन नांवें एका जातीचीं नव्हेत. महिदपूर हें परराज्याशीं युद्ध होतें; नोव्हा हें निजामाच्याच मुलखांतील माणसाविरुद्ध होतें. ज्या रयतेशीं कंपनीचा 'कोणताही संबंध नाहीं' असें १८०० सालीं लिहून दिलें होतें, तिच्या बंदोबस्तास आतां इंग्रज अंमलदारांची फौज लागूं लागली.

हिंगोलीच्या छावणीचें महत्त्व येथें ध्यानांत येतें. बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद, एलिचपूर यांप्रमाणें हिंगोली हें कंटिन्जंटचें एक ठाणें होतें. नकाशा पाहिला असतां, या ठाण्यांवरून परचक्र अडविण्यापेक्षां मुलूख आंतून धरून ठेवण्याची सोय अधिक होती, हें दिसून येतें. हिंगोली कयाधूच्या कांठीं. उत्तरेस पैनगंगा व तिच्या पलीकडे वऱ्हाड. नाईकांच्या गढ्या, अरबांची व रोहिल्यांची शिबंदी, थकलेला वसूल, या सर्वांवर येथून नजर ठेवितां येई. पुढें १५ जानेवारी १८५९ रोजीं रिसोडजवळील चिचांबा येथें रोहिल्यांवर केवळ आठ स्वारांनिशीं हल्ला केल्याबद्दल कंटिन्जंटच्या दुसऱ्या रिसाल्याचा कॅप्टन क्लॉगस्टन यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि हाच अंमलदार ६ मे १८६२ रोजीं हिंगोलीस झालेल्या चकमकींत मारला गेला. सामायिक संरक्षणाची म्हणून उभारलेली फौज, उभारल्यानंतर पन्नास वर्षांनीं, आपल्याच छावणीच्या गांवीं लढत होती.

५

फौज बारमाही झाली तेव्हां पगारही बारमाही झाला. कंटिन्जंटचा सालीना खर्च चाळीस लाखांच्या घरांत जाई. तैनाती फौजेकरितां बल्लारी-कडपा आधींच गेले होते. हा खर्च त्यावर होता. राज्याचा वसूल पुरेना, तेव्हां पामर कंपनीसारख्या पेढ्यांचें कर्ज निघालें. ती पेढी बुडाल्यावर दुसरे सावकार पुढें आले, आणि अखेर पगार चुकूं नये म्हणून कंपनी सरकारनेंच रकमा देऊन त्या निजामाच्या नांवें लिहिल्या. निजामाचा धनको आतां त्याचा संरक्षकच झाला.

येथें एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. शांततेच्या काळांत निजामानें कंटिन्जंट ठेवावी असें १८०० च्या तहाच्या शब्दांवरून निष्पन्न होत नाहीं, हें लॉर्ड डलहौसीनें स्वतःच्या टिपणींत मान्य केलें होतें. म्हणजे ज्या फौजेच्या पगारापायीं कर्ज झालें ती ठेवण्याचें बंधनच कागदावर नव्हतें. तरी कर्जाची मागणी कायम राहिली. दावा तहाचा नव्हता, वहिवाटीचा होता, आणि चाळीस वर्षें मुकाट्यानें पगार दिल्यानें ती वहिवाट पक्की झाली होती.

२१ मे १८५३ रोजीं नासिरुद्दौल्याशीं तह झाला. रेसिडेंट कर्नल लो यानें तो घडवून आणिला. ५,००० हून कमी नव्हे इतकें पायदळ, २,००० स्वार व चार तोफखाने एवढी कंटिन्जंट कायम ठेवावयाची; तिचा ताबा इंग्रजांकडे; आणि खर्चाकरितां वऱ्हाड, धाराशिवकडील मुलूख व रायचूर दुआब इंग्रजांच्या कारभाराखालीं द्यावयाचा. याच्या बदल्यांत युद्धप्रसंगीं पंधरा हजार लोक देण्याच्या जुन्या बंधनांतून निजाम मोकळा झाला. एका अर्थी तो आतां खरोखरच तटस्थ झाला: इंग्रजांच्या युद्धांत त्याची स्वतःची फौज जाण्याचें कारण उरलें नाहीं. पण ही तटस्थता हात बांधलेल्या माणसाची होती.

या तहानंतर पैनगंगा ही सरहद्द झाली. नदीच्या उत्तरेस इंग्रजी कारभारांतील वऱ्हाड. दक्षिणेस निजामाची हिंगोली, आणि त्या हिंगोलींत छावणी. पलटणींच्या पगाराची तरतूद नदीपलीकडच्या वऱ्हाडच्या वसुलांतून होई. १८६० च्या तहानें धाराशिवकडील मुलूख व रायचूर दुआब निजामास परत मिळाले. वऱ्हाड मिळालें नाहीं. १९०२ सालीं तें सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे गेलें. लागलीच १९०३ मध्यें कंटिन्जंट वेगळी राहिली नाहीं. ज्या फौजेकरितां वऱ्हाड तारण ठेविलें ती फौज उठली. तारण परत आलें नाहीं.

६

या सर्वांतून जो निष्कर्ष निघतो तो थोडक्यांत असा. सामायिक संरक्षणांत भाग घेणाऱ्या तटस्थ राज्याची तटस्थता तहांतील अभिवचनावर टिकत नाहीं. ती तीन प्रश्नांच्या उत्तरांवर टिकते. शत्रु कोण, हें कोण ठरवितो? फौज कोणाच्या हुकुमानें हालते? आणि युद्ध नसतां ती फौज कोणाच्या पैशानें उभी राहते? हैदराबादनें पहिलें उत्तर १७८९ च्या यादींत दुसऱ्यास दिलें, दुसरें १८१३ च्या सुमारास दिलें व तिसरें १८५३ सालीं. प्रत्येक वेळीं जुना तहनामा जसाच्या तसा कपाटांत सुरक्षित होता.

आयर्लंडनें आपले शिपाई परदेशीं धाडण्यास तीन कुलपें लाविलीं: राष्ट्रसंघाची अनुज्ञा, आपल्या मंत्रिमंडळाचा निर्णय व आपल्या लोकसभेची संमति, बाराहून अधिक लोक पाठवावयाचे असल्यास हीं तिन्ही हवींत. तीं ठेवावींत कीं काढावींत यावर तेथें मोठा वाद झाला आहे. त्या वादांत पडण्याचें आमचें प्रयोजन नाहीं. परंतु कुलूप कोठें लावावें हें त्या राष्ट्रानें अचूक ओळखलें होतें, एवढें मान्य करावें लागतें. अर्थात् दोहोंत मोठें अंतर आहे. युरोपांतील राज्यें नांवानें तरी समान आहेत व त्यांच्या मागें मतदार आहेत. निजामाच्या मागें थकलेला वसूल व मुका दरबार होता. रयतेस कोणींच विचारलें नाहीं. याचा शेवट १९४७-४८ त झाला. जून १९४७ मध्यें निजामानें दोन्ही राष्ट्रांपासून अलग राहण्याची घोषणा केली, २९ नोव्हेंबर रोजीं भारताशीं 'जैसे थे' करार केला, आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पांच दिवसांत तें अलगपण संपलें. या वेळीं मात्र रयत स्वतः लढ्यांत होती. तेव्हांच्या परभणी जिल्ह्यांतील हिंगोली त्यांत आली.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति आहे. खलिते, सनदा व मोर्तबाचीं पत्रें यांस आपण जपतों, तीं जपावींतच. परंतु वरील इतिहास मोर्तबाच्या कागदांत दिसत नाहीं, तो पगाराच्या कागदांत दिसतो. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा, वसमत या बाजूच्या जुन्या घरांतून सावकारी वह्या, रसदेच्या चिठ्ठ्या, दाणावैरणीचे हिशेब, पेन्शनीचे दाखले असे मोडी रुमाल हातीं आल्यास ते रद्दी म्हणून टाकूं नयेत. मृगापासून मोजल्या जाणाऱ्या फसली सनांत ५९० किंवा, वर्षाच्या उत्तर भागाकरितां, ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन येतो; त्या मानानें १२६२ व १२६३ या दोन फसली सनांचे कागद १८५३ च्या तहाच्या अलीकडचे व पलीकडचे होत. छावणींतला पगार त्या वर्षीं कोणत्या हातून कोणत्या हातीं गेला, हें अशा एका वहीवरूनही कळेल. रुमाल कोणत्या गांवीं व कोणत्या क्रमानें बांधलेला सांपडला, तेंही लिहून ठेवावें. पानें सुटीं केल्यावर हिशेबाचा अर्थ जातो. तहनामे छापले गेले आहेत आणि ते कोठें जात नाहींत. वाळवी लागते ती वह्यांना.